एसएसडीचं फर्मवेअर : कधी बदलावं, कधी हातही लावू नये?

‘अपडेट’ या शब्दाची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की मोबाईलवर तो मेसेज आला की आपण न वाचताच ‘लेटर’ दाबतो आणि झोपी जातो. विंडोजचा अपडेट नेमका सबमिशनच्या सकाळी सुरू होतो, तेव्हा आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण आपल्या लॅपटॉपमध्ये एक भाग असा आहे की ज्याचा अपडेट बहुतेकांनी आजवर एकदाही केलेला नसतो. आणि नेमक्या त्याच भागावर आपला प्रोजेक्टचा कोड, रिपोर्ट, घरचे फोटो असं सगळं ठेवलेलं असतं. तो भाग म्हणजे एसएसडी, अर्थात सॉलिड स्टेट ड्राइव्ह.

माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखात इंग्रजी शब्दांची गर्दी होणार आहे, ती सांभाळून घ्या. ‘फर्मवेअर’ला चांगला मराठी शब्द मी बऱ्याच जणांना विचारला. मेसमधल्या मावशी म्हणाल्या, “अगं, नाव काहीही असू दे, ते करतं काय ते सांग.” मला वाटतं, तीच सुरुवात बरी.

एसएसडीच्या आत काय चालतं?

आपली समजूत अशी असते की एसएसडी म्हणजे मोठा पेनड्राइव्ह. त्यात चिप असते आणि चिपमध्ये डेटा राहतो. हे अर्धंच खरं आहे. एसएसडीत फ्लॅश मेमरीच्या चिप तर असतातच, पण त्यांच्यासोबत कंट्रोलर नावाचा एक प्रोसेसर असतो. अनेक ड्राइव्हमध्ये त्याची स्वतःची रॅमही असते. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एक छोटा कॉम्प्युटर बसलेला आहे. त्याच्यावर जो प्रोग्राम सतत चालतो, तो म्हणजे फर्मवेअर.

या प्रोग्रामची गरजच काय? फ्लॅश मेमरीचा एक विचित्र स्वभाव आहे. तिच्यात लिहिताना पानापानाने लिहिता येतं (एक पान साधारण ४ ते १६ केबीचं), पण पुसताना एकटं पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. शिवाय लिहिलेल्या पानावर न पुसता परत लिहिता येत नाही. आणि दर वेळी पुसताना ब्लॉक थोडा थोडा झिजतो.

आता आपल्या हॉस्टेललाही असाच नियम लावून बघा. रिकाम्या रूममध्ये मुलगी केव्हाही राहायला येऊ शकते, पण रूम झाडायची असेल तर एकटी रूम झाडता येत नाही, अख्खी विंग रिकामी करावी लागते. मग रेक्टर मॅडम काय करतील? ज्या विंगमधल्या बऱ्याच मुली सोडून गेल्या आहेत, तिथल्या उरलेल्यांना दुसऱ्या विंगमध्ये हलवतील आणि मग ती विंग धुऊन घेतील. याला म्हणतात गार्बेज कलेक्शन. एकच विंग सारखी धुतली तर फरशी झिजेल, म्हणून पाळीपाळीने वेगवेगळ्या विंग वापरतील. हे झालं वेअर लेव्हलिंग. आणि या सगळ्या हलवाहलवीत कोण सध्या कुठल्या रूममध्ये आहे, याची नोंद एका रजिस्टरमध्ये ठेवतील. घरून आईचा फोन येतो तेव्हा ती रूम नंबर सांगत नाही, नाव सांगते. मॅडम रजिस्टर बघून हाक मारतात. विंडोज किंवा लिनक्सही एसएसडीकडे असंच ‘नावाने’ डेटा मागतात, आणि फर्मवेअर आपल्या तक्त्यात बघून खरी जागा शोधतं.

आता कल्पना करा, ते रजिस्टर एका रात्रीत खराब झालं. मुली सगळ्या आपापल्या रूममध्ये सुखरूप आहेत, पण कोण कुठे हे कुणालाच सांगता येत नाही. फर्मवेअरमध्ये चूक असली की नेमकं हेच होतं. चिपमधला डेटा जागच्या जागी असतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ड्राइव्ह रिकामा किंवा मेलेला असतो. चिप काढून डेटा वाचावा म्हटलं, तर अनेक ड्राइव्हमध्ये कंट्रोलर सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहितो. त्यामुळे तोही रस्ता बंद.

हे खरंच घडतं का?

घडतं, आणि चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या बाबतीत घडलेलं आहे.

२०११ साली इंटेलच्या ३२० सिरीजच्या काही ड्राइव्हमध्ये असा प्रकार झाला की अचानक वीज गेल्यावर पुन्हा चालू केलं, तर अख्खा ड्राइव्ह फक्त ८ एमबीचा दिसायचा. ऑगस्ट २०११ मध्ये इंटेलने सुधारित फर्मवेअर दिलं. २०१२ च्या जानेवारीत क्रूशियलच्या एम४ या ड्राइव्हची पाळी आली. एकूण ५१८४ तास चालून झाले की तो प्रतिसाद देणं बंद करायचा. वीज बंद करून परत चालू केला की चालायचा, पण साधारण तासाभराने पुन्हा गप्प. ५१८४ तास म्हणजे बरोबर २१६ दिवस. त्याच महिन्यात फर्मवेअर आलं आणि प्रश्न सुटला.

पण माझं सगळ्यात आवडतं (खरं तर नावडतं) उदाहरण एचपीईचं आहे. सर्व्हर बनवणाऱ्या या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये ग्राहकांना तातडीची सूचना दिली. सर्व्हरमध्ये बसवलेले त्यांचे काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालले की कायमचे बंद पडणार होते. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ड्राइव्हही परत मिळणार नाही आणि डेटाही नाही. उपाय एकच, ती वेळ येण्याआधी एचपीडी८ हे फर्मवेअर टाकणं.

३२,७६८ हा आकडा वाचल्यावर काही आठवलं? फर्स्ट इयरला सी शिकताना सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं : १६ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, त्यात एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येतं. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, आणि आपण तो पाठ करून विसरून जातो. इथे ज्या तासाला ड्राइव्ह मरणार होते, तो तास बरोबर २ चा १५ वा घात आहे. तेव्हा व्हेरिएबलचा टाइप निवडणं हे किती महत्त्वाचं काम आहे, ते लक्षात घ्या.

यातली खरी भीती वेगळीच आहे. सर्व्हरमध्ये रेड लावलेली असते. एक ड्राइव्ह गेला तर दुसरा सांभाळून घेतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण सगळे ड्राइव्ह एकाच दिवशी विकत घेऊन एकाच दिवशी चालू केले असतील, तर त्यांचे तासही सारखेच भरणार. मग एकामागून एक सगळेच जाणार. पुढे मार्च २०२० मध्ये एचपीईने आणखी काही मॉडेलबद्दल अशीच सूचना दिली. तिथे मर्यादा ४०,००० तासांची होती.

जुन्या फाइल हळू का उघडतात?

फर्मवेअरचं काम फक्त रजिस्टर सांभाळण्याचं नाही, हे दाखवणारी गोष्ट सॅमसंगच्या ८४० इव्होची आहे. २०१३ साली आलेला हा ड्राइव्ह स्वस्त आणि वेगवान म्हणून खूप खपला. २०१४ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की नव्या फाइल झटकन उघडतात, पण काही महिन्यांपूर्वी लिहिलेल्या फाइल वाचताना ड्राइव्ह अगदी रडतखडत चालतो.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या ड्राइव्हमध्ये टीएलसी फ्लॅश होती, म्हणजे एका सेलमध्ये ३ बिट. ३ बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. दिवस जातात तसा सेलमधला भार थोडा सरकतो. पातळ्या एकमेकींना खेटून असल्यामुळे कंट्रोलरला नीट वाचता येत नाही, मग तो पुन्हा पुन्हा वाचून बघतो. आपण नाही का दुसऱ्याचं जर्नल उतरवताना एकेका अक्षरावर अडतो, तसंच. ऑक्टोबर २०१४ मध्ये सॅमसंगने फर्मवेअर दिलं, त्याने वेग परत आला, पण काही महिन्यांनी तक्रार पुन्हा सुरू झाली. मग एप्रिल २०१५ मध्ये दुसरं फर्मवेअर आलं. त्यात जुना डेटा ठरावीक काळाने आपोआप नव्याने लिहून ठेवायची सोय होती.

चिप तीच होती, फक्त प्रोग्राम बदलला आणि ड्राइव्ह सुधारला. पण दर वेळी इतकं नशीब साथ देत नाही. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्याच ९९० प्रोबद्दल तक्रारी आल्या की ड्राइव्हचं ‘हेल्थ’ टक्क्यांनी भराभर उतरतंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये फर्मवेअर आलं आणि उतरण थांबली. पण आधी जे टक्के गेले, ते गेलेच. म्हणजे अपडेट वेळेवर केला तरच उपयोग.

अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर ऑक्टोबर २०२४ चं घ्या. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० च्या २ टीबी ड्राइव्हवर निळी स्क्रीन येऊ लागली. या ड्राइव्हला स्वतःची रॅम नसते, ते कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेतात. आधीचं विंडोज त्यांना ६४ एमबी द्यायचं, नव्याने २०० एमबी दिली, आणि ती ड्राइव्हला पचली नाही. कंपनीने फर्मवेअर दिल्यावर प्रश्न मिटला. आपल्यापैकी अनेकांच्या बजेटमधल्या लॅपटॉपमध्ये असेच विनारॅमचे ड्राइव्ह असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग आजच सगळ्यांनी अपडेट मारायचा का?

थांबा! गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये इंटेलने एक्स२५-एम या ड्राइव्हसाठी नवं फर्मवेअर काढलं. त्यात ‘ट्रिम’ ही नवी सोय होती, त्यामुळे सगळे उत्सुक होते. ज्यांनी घाईघाईने ते टाकलं, त्यांच्यातल्या काहींचे चांगले चालणारे ड्राइव्ह बंद पडले. ६४ बिट विंडोज ७ वाल्यांना जास्त त्रास झाला. इंटेलला ते फर्मवेअर लगेच मागे घ्यावं लागलं आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दुरुस्त केलेलं पुन्हा द्यावं लागलं.

म्हणून माझं मत असं आहे : फर्मवेअर अपडेट हे औषध आहे, टॉनिक नव्हे. ‘नवीन आलंय म्हणून टाकूया’ असं करायचं नाही. आपल्या मॉडेलला कुठला आजार आहे, तो आपल्या व्हर्जनमध्ये आहे का आणि नव्या व्हर्जनमध्ये तो बरा झालाय का, हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तर ‘हो’ असेल तर आळस करायचा नाही. ‘नाही’ असेल तर ड्राइव्हला सुखाने जगू द्यायचं.

आळसाची किंमत काय असते ते आमच्या विंगने गेल्या वर्षी पाहिलं. फायनल इयरच्या एका ताईचा लॅपटॉप रिपोर्ट सबमिशनच्या आठवडाभर आधी सुरूच होईना. बायोसला ड्राइव्ह दिसतच नव्हता. गावातल्या दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला आणि ‘डेटा विसरा’ असं सांगून परत दिला. नंतर आम्ही शोधलं, तर त्या मॉडेलमध्ये याच लक्षणाचा दोष होता आणि कंपनीने चार महिने आधीच सुधारित फर्मवेअर दिलेलं होतं. ताईच्या गाइड सरांना प्रत्येक चॅप्टर मेलवर लागायचा, म्हणून पहिले तीन चॅप्टर वाचले. बाकीचे दोन आणि सगळे रीडिंग्ज तिने आणि तिच्या पार्टनरने सहा रात्री जागून पुन्हा केले. त्या आठवड्यात तिच्या रूमवर चहा पोचवायचं काम आमच्याकडे होतं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे.

करायचं कसं?

१. आधी ओळख पटवा. ड्राइव्हचं पूर्ण मॉडेल आणि फर्मवेअरचं व्हर्जन लिहून घ्या. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो उघडला की दोन्ही गोष्टी वरच दिसतात. किती तास चाललाय आणि हेल्थ किती आहे, तेही तिथेच कळतं. लिनक्सवाल्यांना स्मार्टसीटीएल मधून हीच माहिती मिळते.

२. मालक कोण ते बघा. ड्राइव्ह तुम्ही स्वतः विकत घेऊन बसवला असेल तर ड्राइव्हच्या कंपनीची साइट आणि तिचं टूल वापरा, जसं सॅमसंगचं मॅजिशियन. पण लॅपटॉपसोबत आलेला असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपला सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून शोधा. वरून ड्राइव्ह सारखा दिसला तरी लॅपटॉप कंपनीसाठी बनवलेल्या ड्राइव्हचं फर्मवेअर वेगळं असतं, आणि बाजारातल्या ड्राइव्हचं टूल त्याला बहुधा हात लावत नाही. मॅकबुकवाल्यांनी मॅकओएसचे अपडेट केले की झालं. इंटेलचा जुना ड्राइव्ह असेल तर सॉलिडाइमच्या साइटवर जा, कारण इंटेलने तो धंदा एसके हायनिक्सला विकला आहे. कुठल्याही तिसऱ्याच साइटवरून फाइल उतरवू नका.

३. रिलीज नोट्स वाचा. दोन-चार ओळींच्या असतात. ‘डेटा लॉस’, ‘रीड ओन्ली’, ‘ड्राइव्ह नॉट डिटेक्टेड’ असे शब्द दिसले तर गंभीर समजा. नुसतं ‘कम्पॅटिबिलिटी सुधारली’ असेल आणि तुम्हाला काही त्रास नसेल तर घाई नाही. अगदी कालच आलेलं असेल तर आठ-पंधरा दिवस थांबलेलं बरं. मात्र ड्राइव्हचे तास मर्यादेजवळ आले असतील तर थांबू नका.

४. बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. त्याच ड्राइव्हच्या ‘डी’ पार्टिशनवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे हात जोडून सांगते. आणि कॉपी केलेली एखादी फाइल तिथून उघडून बघा.

५. बिटलॉकर. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये तो आपोआप चालू असतो. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, ती कागदावर उतरवून ठेवा आणि अपडेटपुरता बिटलॉकर सस्पेंड करा. ४८ अंकांची ती की ऐन वेळी आठवणारी नाही.

६. वीज. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय नको. आपल्याकडे लाइट कधी जाते हे वेगळं सांगायला नको. खरं तर नवीन फर्मवेअर ड्राइव्हमध्ये जायला फार वेळ लागत नाही. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये फर्मवेअर ठेवायला एक ते सात स्लॉट असू शकतात. आधी फाइल ड्राइव्हकडे पाठवली जाते, मग ती स्लॉटमध्ये बसवून ‘आता ही वापर’ असा हुकूम दिला जातो, आणि बहुधा पुढच्या रीसेटला ती चालू होते. पण त्या मधल्या क्षणी वीज गेली तर काय होईल, याचा प्रयोग आपल्या ड्राइव्हवर कशाला करायचा?

७. पूर्ण बंद करा. टूलने ‘शट डाउन करा’ म्हटलं तर खरोखर पूर्ण बंद करा. विंडोजमधल्या फास्ट स्टार्टअपमुळे नेहमीचं शट डाउन अर्धवट असतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं की ते पूर्ण होतं. परत चालू केल्यावर व्हर्जन बदललंय का ते तपासा. न बदललेला अपडेट झाला असं समजून आपण निर्धास्त राहतो, ते जास्त धोक्याचं.

टूलला ड्राइव्ह दिसतच नसेल तर घाबरू नका. ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत घातलेला असेल किंवा बायोसमध्ये रेड मोड चालू असेल, तर बरेचदा असं होतं.

आणि एक मोठा अपवाद. ड्राइव्ह आधीच आचके देत असेल, फाइल उघडत नसतील, तो रीड ओन्ली झाला असेल, तर फर्मवेअरला हात लावू नका. आधी जेवढा डेटा निघतोय तेवढा काढून घ्या, बाकीचं नंतर. तसंच सबमिशनच्या आणि परीक्षेच्या आठवड्यातही हा उद्योग नको.

लॅबसाठी एक विनंती

हॉस्टेलमधले लॅपटॉप वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून येतात. लॅबमधले कॉम्प्युटर मात्र एकाच ऑर्डरमध्ये येतात, एकाच दिवशी बसतात, आणि सकाळी काका एका रांगेत सगळ्यांची बटणं दाबतात. म्हणजे एचपीईच्या त्या सर्व्हरसारखे सगळ्यांचे तास जवळपास सारखे. ज्या मशीनवर प्रोजेक्ट ग्रुपचा डेटा आहे आणि ज्यावर त्याची कॉपी आहे, ती दोन्ही एकाच लॉटमधली असतील, तर कॉपी असून नसल्यासारखीच.

म्हणून स्टाफला एक विनंती. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक मशीनचा नंबर, खरेदीची तारीख आणि किंमत असतेच. त्यात आणखी दोन रकाने वाढवावेत : ड्राइव्हचं मॉडेल आणि फर्मवेअर व्हर्जन. एका मशीनला दोन मिनिटंही लागत नाहीत. एकदा यादी झाली की दर टर्मच्या सुरुवातीला कंपनीच्या साइटशी ताडून बघायचं, एवढंच काम उरतं. यादी करायला हात हवे असतील तर आम्ही लेडीज हॉस्टेलच्या चौघी तयार आहोत, प्रॅक्टिकल नसेल त्या शनिवारी बोलवा. बदल्यात फक्त लॅबचा एसी चालू ठेवा!

आणि हॉस्टेलवाल्यांनो, तुम्ही आज रात्री जेवून आल्यावर निदान पहिली पायरी तरी करा. मॉडेल आणि व्हर्जन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि त्या निमित्ताने बॅकअप राहून गेलाय हे आठवलं, तर तो आधी घ्या.